मागचं बटण

(फोन स्पीकरवर ठेवलेला आहे. पलंगावर घड्याळजींची बायको आहे. तिला सगळं ऐकू येतं, बोलता येत नाही.)

मेहुणी : अहो, दाबलं ना! तिसऱ्यांदा दाबलं. बटण आत जातं, बाहेर येतं. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही.

हेल्पलाइन : आणि कॉम्प्युटरचा पडदा?

मेहुणी : काळाठिक्कर. कोपऱ्यात एक केशरी ठिपका आहे, तेवढाच.

हेल्पलाइन : म्हणजे पडद्याला वीज येतेय, खालच्या डब्याला येत नाहीये. डब्याची पिन ज्या बोर्डात आहे...

मेहुणी : त्यात माझा मोबाइल लावून बघितला. चार्ज होतोय. बोर्ड ठणठणीत आहे.

हेल्पलाइन : वा, माझं एक काम वाचवलंत.

मेहुणी : मग तुम्ही आमचं एक वाचवा आणि माणूस पाठवा. हे फोनवरून म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय.

हेल्पलाइन : माणूस उद्या दुपारी मिळेल, ताई.

मेहुणी : उद्या येऊन काय करायचंय? आज बारा वाजता डॉक्टर येणार आहेत. माझ्या बहिणीला बोलता येत नाही हो, दीड वर्ष झालं. हात गेले, पाय गेले, जीभ गेली. उजव्या हाताचं एक बोट तेवढं चालतं. त्या बोटानं एकेक अक्षर दाबते, मग आम्हाला कळतं काय हवंय ते.

हेल्पलाइन : बरं... मी बघते हं. आपण आत्ताच सुरू करायचा प्रयत्न करू.

मेहुणी : आता धड गिळवत नाही तिला. पोटात नळी बसवायची आहे. डॉक्टर म्हणाले, तिनं स्वतः लिहून हो म्हटलं पाहिजे. पापणी मिटली म्हणजे हो असं ते धरत नाहीत, पापणी आपोआपही मिटते. नाहीच लिहिता आलं, तर मग भावोजींची सही. ती हो म्हणणार यात शंकाच नाही, पण तिचं तिनं सांगितलेलं बरं.

घड्याळजी : सही मी करतो की. त्यासाठी एवढी धावाधाव कशाला? कॉम्प्युटर उद्या होईल.

मेहुणी : भावोजी, तुम्ही सकाळपासून उद्या-उद्याच करताय. वाका जरा खाली. या काय सांगतात ते बघा, मी पडद्याकडे बघत बटण दाबते.

हेल्पलाइन : काका, डब्याच्या मागे जाड काळी वायर आहे बघा. ती नीट आत दाबा. कधीकधी सैल होते.

घड्याळजी : दाबली.

हेल्पलाइन : आता सुरू होतोय?

मेहुणी : नाही.

हेल्पलाइन : मग ती वायर काढा आणि पडद्याची तिथे लावा. दोन्ही सारख्याच असतात. वायर गेली असेल तर लगेच कळेल.

घड्याळजी : लावली.

मेहुणी : नाहीच. मेला हो हा.

हेल्पलाइन : एवढ्यात मारू नका त्याला. काका, जिथे वायर लावलीत ना, तिच्या शेजारी एक छोटं बटण असतं. एका बाजूला रेघ, एका बाजूला गोल. रेघेची बाजू आत दाबलेली हवी. काय दिसतंय?

घड्याळजी : काही नाही दिसत. अंधार आहे.

मेहुणी : सरका, मी बघते.

घड्याळजी : तू नको वाकू, कंबर धरेल. अकरा वाजले, हिचं खाणं मिक्सरमधून काढ आधी. वाटीभर संपायला तास लागतो, त्यातलं निम्मं ठसक्यात जातं. मग डॉक्टर येतील आणि ही उपाशी.

मेहुणी : जाते. बाई, तुम्ही यांना सोडू नका हं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आहेत यांनी, तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू बसवायचे, आणि आज टेबलाखालचं बटण दिसेना!

हेल्पलाइन : ...काका?

घड्याळजी : आहे मी.

हेल्पलाइन : हाताने चाचपून बघा. पाठीला लागूनच आहे.

घड्याळजी : मॅडम, तुमच्याकडे ही कॉम्प्युटर बिघडल्याची नोंद होते ना? त्यावर लिहून टाका, आज होणार नाही म्हणून. तुमचं काही बिघडणार नाही त्यात.

हेल्पलाइन : बिघडेल. त्या मावशींना बोलता येणार नाही.

घड्याळजी : हं.

हेल्पलाइन : काका, रागवू नका, मी आठ वर्षं हेच ऐकतेय. लोक खाली वाकतात तेव्हा आवाज बदलतो, खुर्ची सरकते, कोणाचं तरी डोकं टेबलाला लागतं. तुम्ही वाकलाच नाहीत. वायरसुद्धा तुम्ही बदलली नाहीत.

घड्याळजी : चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मिक्सर सुरू झाला का? हं, झाला. त्या बटणाची गोल बाजू दाबलेली आहे. मला ठाऊक आहे. काल संध्याकाळी मीच दाबली.

हेल्पलाइन : का हो?

घड्याळजी : काल तिनं लिहिलं. नळीचं. नको म्हणून. मी म्हटलं, चुकून दाबलं गेलं असेल. तिनं सगळं पुन्हा लिहिलं आणि शेवटी पूर्णविराम दिला. एक पूर्णविराम द्यायला तिला पाऊण मिनिट लागतं, बोट सारखं घसरतं. तरी दिला. मास्तरीण होती ना. मग मी खाली वाकलो आणि बटण दाबलं.

हेल्पलाइन : त्यांनी बघितलं?

घड्याळजी : बघितलं की. आत्ताही माझ्याकडेच बघतेय. तिला ओरडता येत नाही, माझी तक्रार कोणाकडे करता येत नाही. कॉम्प्युटर कोणी बंद केला, असं तिला कोण विचारणार? सगळे मलाच विचारतात, काय झालं म्हणून. मीही सांगत सुटलो, बिघडला म्हणून. तिच्यासमोर. लाज वाटते मला स्वतःची. नळी घातली तर डॉक्टर वर्ष-दोन वर्षं म्हणतात. नाही घातली तर फार नाही. मला एकट्याला राहता येत नाही हो. आमच्या घरात बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. ती शाळेतून यायची आणि दारातून सुरू व्हायची, कोणाचा दात पडला, कोणी शाई सांडली. मी डोळ्याला भिंग लावून नुसतं हूं हूं करायचो. निम्मं ऐकायचोही नाही. आता एक अक्षर उमटायला वेळ लागतो, तर समोर बसून वाट बघतो. आणि काल एवढी वाट बघून हे वाचायला मिळालं.

हेल्पलाइन : काका, मला या नळीतलं काही कळत नाही. तुम्ही चुकलात की बरोबर, ते मी कोण सांगणार? मला बटणाचं कळतं. रेघेची बाजू आत गेली की वीज येते.

घड्याळजी : दाबू?

हेल्पलाइन : ते मला नका विचारू.

घड्याळजी : अगं... दाबू का? बघ, एकदा मिटली पापणी. एकदा म्हणजे हो. मॅडम, आपोआप मिटलेली आणि मुद्दाम मिटलेली मला कळते. डॉक्टरांना नसेल कळत. थांब गं, गुडघा टेकू दे. हं. दाबलं.

हेल्पलाइन : आता समोरचं बटण. एकदाच. पंखा ऐकू आला मला. पडद्यावर काही येतंय?

घड्याळजी : येतंय. निळं झालं.

मेहुणी : अय्या, सुरू झाला? मिक्सर बंद केला तर घूंऽऽ ऐकू आलं. काय झालं होतं?

हेल्पलाइन : मागचं बटण बंद होतं, ताई. झाडताना धक्का लागतो. रोज दोन-तीन फोन असतात असे.

मेहुणी : घ्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

घड्याळजी : धक्का नव्हता लागला. मी बंद केला होता.

मेहुणी : तुम्ही? कशाला?

घड्याळजी : सांगतो. मॅडम, तुमच्या नोंदीतही धक्का लिहू नका. मुद्दाम बंद केला होता, असं लिहा.

हेल्पलाइन : कोणी केला आणि का, याला आमच्याकडे जागाच नाही, काका. 'सुरू झाला' एवढंच लिहायचं असतं. ठेवते मी. मावशींना माझा नमस्कार सांगा.

मेहुणी : भावोजी, मी विचारतेय काहीतरी. मुद्दाम म्हणजे? डॉक्टर यायचे असताना? थांबा, थांबा, ताई लिहितेय. बोट हलतंय. 'डॉ'... 'क्ट'... डॉक्टर. अगं, येतील ते, अजून पाऊण तास आहे. 'रां'... डॉक्टरांना... 'तु'... 'म्ही'...

घड्याळजी : घाई करू नकोस तिची.

मेहुणी : 'सां'... 'गा'. डॉक्टरांना तुम्ही सांगा. अजून काहीतरी... घसरलं... हां, पूर्णविराम. कोणाला म्हणतेय? तुम्ही म्हणजे कोण?

घड्याळजी : मी.

मेहुणी : काय सांगायचंय तुम्ही? भावोजी, बोला ना. रडताय कशाला?

घड्याळजी : ती वाटी आधी खाली ठेव.

मेहुणी : ठेवली.

घड्याळजी : माझ्या बायकोला नळी नको आहे.

मेहुणी : काहीतरीच काय! ताई, हे काय बोलतायत? तू नाही ना असं म्हणालीस? नाही म्हण, दोनदा मिटव पापणी. दोनदा, ताई. ऐक ना माझं... भावोजी, एकदाच मिटवली हो हिनं.

घड्याळजी : बघितलं मी.

मेहुणी : आणि तुम्ही एवढं सरळ बोलून मोकळे झालात?

घड्याळजी : बारा वाजता आवाज फुटायला हवा ना. म्हणून आत्ता एकदा म्हणून बघितलं.