रिकामा क्लच

हॅलो? … हो, गॅरेजमध्येच आहे. छोटे, डोकं फिरलंय माझं, नंतर कर ना फोन… अगं झालं काय म्हणून काय विचारतेस? पिकअप न्यायला आले, तर हा मिस्त्री मिठाची गुळणी धरून बसलाय.

नाही, तेलाची गळती थांबली. गिअरबॉक्सही छान चालतोय… अगं ऐक ना. गाडीत क्लच आहे… हो, क्लच. ऑटोमॅटिक केली ना आपण गाडी? मग क्लच कशाला? गिअरबॉक्स बदलला तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत काढला होता. आता परत जागेवर. कशालाच जोडलेला नाही, एका स्प्रिंगवर नुसतं पेडल वरखाली होतंय… विचारलं की, कुणी सांगितलं हे? तर म्हणतो, शब्द दिलाय. कुणाला, ते सांगत नाही.

अहो मिस्त्री, घ्या पाना आणि काढा ते. माझ्यासमोर काढा.

हां, बोल. अप्पांच्या डाव्या पायात जोर राहिला नाही म्हणून केला ना एवढा खटाटोप? क्लच दाबायला नको म्हणून? आणि हा शहाणा… काय? … अप्पांनी? माझ्या पाठीमागे? दे त्यांना फोन… झोपलेत? मला खोकला ऐकू येतोय, छोटे. दे.

अप्पा, हे काय चाललंय? … नाही, आधी मला सांगा… हो… हो… ब्रेकवर? डाव्या पायाने? … अहो, आई शेजारी बसली होती ना… म्हणजे तिच्या कपाळावरचं ते टेंगूळ कपाटाच्या दाराचं नव्हतं तर. वा. घरात सगळ्यांना ठाऊक, मीच तेवढी खुळी.

नाही, ओरडत नाहीये… बरं, ओरडतेय. भर रस्त्यात असा ब्रेक मारलात आणि मागून कुणी आदळलं म्हणजे? … सवय. हो, कळलं, उभा जन्म क्लच दाबलात… गाडीने वेग घेतला की पाय आपला आपण उठतो… आणि पेडल सापडलं की ब्रेककडे जात नाही… कशावरून? … करून बघितलंत? कुठे? … इथे? या आवारात? घरून आलात कसे? … चालत?

…त्या पायाने, चालत.

मग मला का नाही सांगितलंत? … मी गाडी विकायला काढली असती म्हणून…

हो. काढली असती.

…नाही, आहे मी फोनवर. मिस्त्री, थांबा. राहू द्या… निघालंसुद्धा? मग बसवा परत… बसवा म्हणते ना.

ठेवते, अप्पा. इथे खाली अंधार आहे, बॅटरी धरायचीय मला… मिस्त्री, स्प्रिंग जरा हलकी लावा. त्यांच्या डाव्या पायाला झेपली पाहिजे.