रोस्वीताला लिनक्स दाखवायला गेलो

...नाही, पण मी म्हणतो, बायकोला एखादी गोष्ट गळी उतरवायची असेल तर जी नीट चालते ती दाखवावी की नाही माणसानं? नाही! आम्हाला नवीनच पाहिजे! तुम्हाला सांगतो, आमच्या जर्मनीतल्या कासल शहराच्या लिनक्स मंडळात, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्सवर संगणक चालवणाऱ्यांच्या टोळक्यात, तपासून बाहेर आलेली पक्की आवृत्ती वापरणारा माणूस म्हणजे शिळा पाव खाणारा माणूस. तोंडावर कोणी बोलत नाही, पण बिअर मागवताना त्याला विचारतही नाहीत. आणि मी तर मंडळाचा चिटणीस!

झालं काय, आमची रोस्वीता पहिल्यापासून विंडोजवाली. मी इतकी वर्षं मागे लागलोय, अगं लिनक्स घे, लिनक्स घे... शेवटी एका रविवारी कॉफी ओतता ओतता म्हणाली, "बरं एकहार्ट, दाखव. एकदाच! आवडलं तर ठेवीन, नाही आवडलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. जेवताना नाही, गाडीत नाही, आणि माझ्या आईकडे तर मुळीच नाही!"

आता सांगा, एवढी मोठी संधी, आणि मी काय काढलं? पक्क्या आवृत्तीची डिस्क कपाटात पडलेली असताना, आमचे अध्यक्ष गेरोल्ड यांनी दिलेली कच्ची आवृत्ती! अजून बाहेरसुद्धा न आलेली! का? तर म्हणे तिच्यात पडद्यावरच्या खिडक्या उघडताना डुलतात!

रोस्वीताच्या संगणकाला डिस्क घालायची जागाच नाही, म्हणून माझा एकुलता एक लॅपटॉप आणला, प्लमच्या केकची ताटली सरकवून टेबलावर ठेवला. ही लाइव्ह डिस्क बरं का, म्हणजे काही बसवायचं-बिसवायचं नाही, डिस्क घातली की तिच्यावरूनच सगळं चालतं. चालतं म्हणजे... घरघर, घरघर! गिरणी सुरू झाली नुसती! रोस्वीता म्हणाली, "अरे, रविवारी आवाज करायला बंदी आहे! शेजारचे तक्रार करतील!" म्हटलं, कच्ची आवृत्ती ना, एवढं चालायचंच!

पडदा उजळला. आणि उजळला तो उलटा! खाली डोकं, वर पाय! मी घाबरून गेरोल्डला फोन लावला, तर हा आनंदानं ओरडतोय, "काय सांगतोस! उलटा? माझ्याकडे नुसता हिरवा येतो रे! नशीबवान आहेस! बनवणाऱ्यांना ही चूक लगेच लिहून कळव!" अहो, इथे माझी सगळी अब्रू पणाला लागलीय आणि हा अभिनंदन करतोय! पडदा सरळ केला तर आवाज गेला, आवाज आणला तर भाषा पोर्तुगीज झाली, भाषा सुधारली तर घड्याळ पळालं... आणि दर वेळी मी दात काढून, "कच्ची आवृत्ती ना, चालायचंच!" रोस्वीता शांतपणे केक खातेय. ती शांतपणे केक खायला लागली की मला घाम फुटतो.

आणि मग तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला! कॅमेऱ्यातून बागेतल्या डेलियाच्या फुलांचा फोटो काढून पडद्यावर मागे लावला, अक्षरं मोठी केली, सगळी चित्रं आपल्या मनासारखी मांडली, पत्त्यांचा खेळ शोधून डाव लावला... आणि म्हणाली, "छान आहे की रे! इतकी वर्षं का नाही दाखवलंस?" डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! जिंकलो!

"आता हे अस्संच ठेव," म्हणाली.

असंच ठेव? कसं ठेवू? लाइव्ह डिस्क ती! बंद केलं की डेलिया, अक्षरं, डाव, सगळं साफ! कायमचं बसवायचं एक बटण होतं, ते दाबलं, तर बटणच नाहीसं झालं! गेरोल्ड फोनवर म्हणतो, "चालायचंच! कच्ची आवृत्ती आहे." मी रोस्वीताला बसवून नीट समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बंद कशाला करायचं?"

नाहीच केलं! तेव्हापासून तो लॅपटॉप टेबलावर घरघरतोय. वायरला हात लावायचा नाही, डिस्क काढायची नाही, आणि आम्ही मांडीवर ताटल्या घेऊन सोफ्यावर जेवतो. मध्यंतरी नवी पक्की आवृत्ती आली. मी नाचत घेऊन गेलो, "रोस्वीता, ही बघ! हिच्यात सगळं जिथल्या तिथे!" तर पत्त्यांवरची नजर न काढता म्हणते कशी, "माझं चाललंय ना? मग नवीन कशाला?"

तर आता घरात लिनक्स आहे, पण ते तिचं आहे. आणि लिनक्स मंडळाचे चिटणीस वरच्या खोलीत बसून मंडळाची पत्रं लिहितात... तिच्या विंडोजवर. आणि गेरोल्डला सांगू नका, पण... बरं चालतंय हो!