पाच पाकळ्यांचा गुलाब

“मावशी, तुमच्या अंबाड्यातल्या गुलाबाच्या बाकीच्या पाकळ्या कुणी खाल्ल्या?” मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून शहागडच्या स्टँडवर मी विचारूनच टाकलं.

“रानगुलाब हाय पोरी, त्याला पाचच असतात,” म्हणत मावशी शेजारी बसलेल्या बाईंकडे वळल्या. “बघा जयवंताबाई, उद्यापासून हे फूल बी दिसायचं न्हाई.”

“का हो, उषाबाई?”

“आमचे मालक कुंपणाच्या काट्यांसाठी उद्या ह्याची जाळीच तोडणार. म्हणतात, नर्सरीत रानगुलाब ढिगानं हाय.”

“मंग हायच की!”

“तो येगळा, बाई. त्याला बारक्या फुलांचे झुपके येतात, फांदी खोवली की कुठंबी फुटतो. ह्याचं फूल मोठं, एकेकटं. ह्याचे पाय पाण्यातच लागतात. आमच्या साऱ्या नदीकाठाला एवढी एकच जाळी राह्यली.”

“फांदी लावून पाहा दुसरीकडं.”

“लावल्ती. वाळून गेली.”

“मालकाला सांगा नं बराबर.”

“सांगितलं. म्हणले, फुलानं म्हशी अडतात का?”

“मावशी, तुमचं शेत कुठं हाय?” हे मात्र मला कुणी विचारायला लावलं नव्हतं.

“पुलाखाली. का गं?”

घरी पोचताच दप्तर न उतरवता मी सांगितलं, “आई, दादा, उद्या मी शाळेत जाणार न्हाई. उजाडताच आपल्या बांधावरच्या बाभळीच्या काट्या गाडीत भरून उषाबाईंच्या कुंपणाला नेणार हाय. बैलं मीच हाकणार!”