सोड त्याला, पुढचा घे

आमच्या नातीची गंमत ऐका. एमबीएची प्रवेश परीक्षा तोंडावर आली, तरी पोरीचे सराव पेपरात मार्क हलेनात. एक प्रश्न अडला की त्यालाच चिकटून बसायची, तोवर टाइम खलास. मग मीच मोबाइलवर घड्याळ लावून शेजारी बसलो. अडली की ओरडायचो, "सोड त्याला, पुढचा घे!"

"आजोबा, कान फुटले माझे!"

पण मार्क वाढले. खारघरच्या कॉलेजात नंबर लागला. पेढे आले त्या दिवशी मी खाली पार्किंगवरून शेजारच्या म्हात्र्याशी भांडत होतो. नात गॅलरीतून ओरडली, "आजोबा, सोडा त्यांना, पुढचा घ्या!"

अख्खी सोसायटी हसली. सगळ्यात जोरात सेक्रेटरी हसला.

मग काय, म्हात्र्याला सोडला नि सेक्रेटरीला धरला.