परत घ्यायचं गाऱ्हाणं

(आचऱ्याजवळच्या एका गावातलं देऊळ. दुपार. गावकऱ्यांचं मागणं देवापुढे मांडणारे, म्हणजे गाऱ्हाणी घालणारे दाजी समईची वात सारखी करतायत. गावातली सुभद्रा घाईघाईने आत येते.)

सुभद्रा: ता गाऱ्हाणा परत घेवा, दाजी. आत्ताच्या आत्ता.

दाजी: परत घेवक ता काय कट्ट्याच्या बाजारातला लुगडा आसा? परवा तूच रडत सांगितलंस, "माझा चेडू एकदा घराक येवंदे." येवक नाय?

सुभद्रा: इला ना. ताच तर. सकाळच्या बसन जामसंड्यासून गौरजा एकटीच इली. हातात ही मोठी बॅग. डोळे लाल. मी इचारलंय, जावय खंय? एक शब्द बोलाक नाय. तोंड फिरवन निजली. जावयाक फोन लावलंय, तर तो उचलीना.

दाजी: दमली आसात.

सुभद्रा: जत्रेतला नाटक आठवता तुमका? राणी देवीक म्हणता, माझो घोव लढायेसून घराक येवंदे. आणि येता तो, चौघांच्या खांद्यार. देवीन दिल्यान ना मागितला ता? माझा तसाच झाला. मी चेडू मागितलंय, देवान तिचो संसार मोडून ता माझ्या पदरात टाकल्यान.

दाजी: उगी रव गो. नाटकातल्या देवीक पहाटेपर्यंत लोकांका जागवचा असता. राणी सुखान नांदली तर अर्ध्या राती मांडव रिकामो. आमच्या देवा म्हाराजाक तसली अडचण नाय.

सुभद्रा: थट्टा नको. माझोच शब्द चुकलो. "सुखान येवंदे" म्हणाक व्हया होता.

दाजी: तू म्हणाक नाय. मी म्हटलंय.

सुभद्रा: कधी?

दाजी: गाऱ्हाणा घातला कोणी, तू काय मी? लोक रडत येतत, अर्धाच मागतत. उरलेला आमी भरतो. बापाशीन तसाच शिकवल्यान. "सुखान येवंदे, जोडीन येवंदे, इल्या वाटेन हसत परत जावंदे." तू डोळे पुसत नुसता "व्हय म्हाराजा" म्हणी होतंस. आयकतंस खंय?

सुभद्रा: मगे जोडीन खंय इली?

सर्वेश: (हेल्मेट काढत आत येतो) आई, तुम्ही इथे होय? गौरजा नुसतीच देवळाकडे बोट दाखवत होती.

सुभद्रा: सर्वेश? तुमी भांडलात ना? खरा काय ता सांगा.

सर्वेश: भांडण? नाही हो. काल तिची अक्कलदाढ काढली. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून बजावलंय. रात्रभर ठणका, झोप नाही. पहाटे फोनवर टाईप करून मला दाखवलं, "आईची पेज". म्हटलं, तू पहिल्या बसने पुढे हो, मी रजा टाकून येतो. स्कूटरवर होतो, तुमचा फोन कळलाच नाही.

सुभद्रा: आणि ती बॅग?

सर्वेश: त्यात तुमचेच डबे. सोलांचे, लोणच्याचे. वर्षभर साठलेले, रिकामे.

सुभद्रा: दाढ.

दाजी: दाढच गो. बाकी सगळा जाग्यार आसा.

सुभद्रा: हसा नकात.

दाजी: मगे, गाऱ्हाणा परत घेव?

सुभद्रा: नको. रवांदे.

सर्वेश: कसलं गाऱ्हाणं, आई?

सुभद्रा: काय नाय. तुमी पेज खातास मा? खारातलो आंबो आसा वांगडा.

दाजी: थांब, अशी जाव नको. हात जोड. बा देवा म्हाराजा, लेकरू इला, जोडीन इला. आता रविवारी दोघांका सुखरूप जामसंड्याक पोचव रे म्हाराजा.

सुभद्रा: व्हय म्हाराजा. सोमवारी पोचवलंस तरी चलात.