निळ्या डब्यातली कॉफी

न्हाई न्हाई, ह्यो तांबडा डबा ठेवा तिकडंच, हमीदभाऊ — तांबडी दुधाची असती, आमच्या साहेबाला काळी लागती. आन् हिरवी? हिरवी आंबूस, जेवणावर घोटभर प्यायची, बास. तुमी दुकान चालवता म्हनून मला शिकवू नका — धा वरसं इटलीच्या साहेबाच्या बंगल्यात चूल सांबाळली ह्या धोंडाबाईनं, अख्ख्या लोनावळ्याच्या बाजारात माज्याएवढं कॉफीतलं कुनाला कळत न्हाई.

त्यो निळा काढा. उघडा की, वास घेऊ द्या. आज दुपारच्या गाडीनं धाडायचीय — कुटं म्हंजे? साहेबाला नेलं न्हाई का सरकारनं, लढाईत इटली उतरली तवा? त्यानं काय केलंतं हो, लोकांचे पंप दुरुस्त करायचा बिचारा. आता तिकडं कैद्यांच्या तळावर तारेच्या आत बसलाय. काल चिठ्ठी आली, पोस्तमास्तरांनी वाचून दावली — धोंडाबाई, हितं काय बी ग्वाड लागत न्हाई, तेवढी निळ्या डब्यातली कॉफी धाड, घरची आठवन येती. मी तितंच रडले बघा, मास्तरांच्या म्होरं.

आना हिकडं. हं — न्हाई, ही नव्हं ती. डब्यावरचं चित्र तेच हाय, मला काय दिसत न्हाई व्हय? पन वास त्यो न्हाई. माल ताजा असू द्या न्हाईतर शिळा, त्यो वास हिला येनारच न्हाई. कसा येईल? हिच्यात नाचनी कुटं हाय?

गेलं आता तोंडातनं, तर ऐका. तीन वरसांमागं निळा डबा कुटंच मिळंना, आन् साहेबाला तर उठल्या उठल्या कॉफी लागायची. मग घेतल्या तुमच्याकडच्याच साध्या बिया, कढईत काळ्या होस्तवर भाजल्या, संगं आमच्या वडिवळे गावची मूठभर नाचनी भाजली, जात्यावर दळली आन् भरली रिकाम्या निळ्या डब्यात. साहेबानं घोट घेतला, डोळे मिटून बसला, म्हनला, आता बरोबर माल आला. मग मी तरी कशाला बोलू? मागनं डबे आले तरी मी माजीच भरत ऱ्हायले — त्याला आवडायची ना.

हसू नका. घरची आठवन येती म्हनतोय त्यो — कुनाच्या घरची हो? माज्या जात्यावरची कॉफी ती. आता खरी धाडली, तर त्याला वाटंल तारेआड जिभंची चवबी गेली. माजी धाडली, तर परत फसवल्यावानी. लय भ्या वाटतंय मला, भाऊ. तितं त्याचं दुसरं कोन हाय?

ठेवा त्यो डबा. साध्या बिया काढा, नेहमीच्या. ह्या टायमाला कापडी पिशवीत भरीन, वर तुमी इंग्रजीत लिवून द्या. काय म्हंजे? लिवा — धोंडाबाईची कॉफी, नाचनी घातल्याली, पयल्यापास्नं हीच. फेकली तर फेकू दे त्यानं.

आन् माज्या तोंडाकडं काय बगत बसलाय, तोला की. अजून भाजायची, दळायची हाय. गाडी जाईल.