न आटणारी टोपी

अरे, विकतचे गरम कपडे घ्यायचेच नाहीत, असं मी घरात जाहीर केलं होतं. मामाला पहाटेच्या थंडीत गव्हाला पाणी द्यायला जायचं होतं, म्हणून त्याच्यासाठी मुद्दाम मोठी टोपी विणली. अस्सल लोकर गरम पाण्यात चोळली की आटते आणि जाड होते. मी आणलेली लोकर अस्सलच आहे, अशी दुकानदारानं शपथ घेतली होती. मी चोळचोळ चोळली, पण टोपी तसूभरही आटेना.

"अगं, पातेल्यातलं पाणी आटलं की सगळं!" मामी म्हणाली.

"माझी टोपी झाली का?" मामानं विचारलं.

"आटायलीय अजून," मी चिडून म्हणाले.

मामानं ती तशीच घातली, तर थेट खांद्यावर आली. आतून आवाज आला, "पोरी, ही मला न्हाई बसायची. दुकानदारानं तुला घातलेली मात्र लय झकास बसली!"